गावाचं आडनाव

उन्हाळा तापला की नांदेडात मागणी निघते, 'दिग्रसचं पाणी सोडा.' ती बातमी पेपरात आली की आमच्या दिग्रसच्या पानठेल्यावर कुणीतरी बसल्या जागी उसळतंच. "इथं आपल्या ड्रमात पानी नाही, अन् नांदेडले कायचं सोडता बावा?" ठेलेवाला पानाला चुना लावता लावता मान डोलावतो. रागही खरा, बातमीही खरी. फक्त दिग्रस दुसरं.

बातमीतलं दिग्रस परभणी जिल्ह्यात, पालम तालुक्यात, गोदावरीच्या काठी. तिथे उच्च पातळी बंधारा आहे आणि त्याचं पाणी खाली विष्णुपुरीत गेलं की नांदेडचे नळ वाहतात. आमचं दिग्रस यवतमाळ जिल्ह्यातलं, धावंडा नदीवरचं, घंटीबाबांचं, तालुक्याचं ठिकाण. आमच्याकडे अरुणावतीचं अख्खं धरण आहे, पण त्याला नाव नदीचं. म्हणजे गाव मोठं आमचं आणि पेपरात नाव त्यांच्या बंधाऱ्याचं. शिवाय हिंगोलीकडे दिग्रस कऱ्हाळे आहे, अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यात दिग्रस बुद्रुक आहे. त्यांना निदान आडनाव तरी आहे. आम्ही नुसते दिग्रस. बाहेरगावी कुणी विचारलं की 'पुसदच्या अलीकडचं' म्हणून सांगायचं, आणि पुसद म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा उजळला की आतल्या आत चरफडायचं.

हे दुखणं आमच्या एकट्याचं नाही. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान यवतमाळला आले आणि त्यांनी दोन रेल्वेमार्गांचं लोकार्पण केलं. एक वर्धा ते कळंब, दुसरा न्यू आष्टी ते अमळनेर. आता यवतमाळच्या माणसाने हे ऐकावं कसं? कळंब ठीक आहे, जिल्ह्यातलंच, चिंतामणीचं. आष्टी म्हणजे वर्धा जिल्ह्यातली, इथून शेजारीच. आणि अमळनेर जळगाव जिल्ह्यातलं, साने गुरुजींचं. अरे व्वा! वर्ध्यापासून थेट खानदेशापर्यंत रूळ टाकले आणि कानोकान खबर नाही?

रूळ टाकले होते बीड जिल्ह्यात. ती आष्टी बीडची आणि ते अमळनेरही बीडचंच, अहमदनगर-बीड-परळी मार्गावरचं. कळंब तेवढं खरोखर आमचं निघालं, पण तेही धाराशिवच्या माणसाने रेडिओवर ऐकलं असेल तर मांजरा नदीच्या काठचं त्याचं कळंब डोळ्यांपुढे येऊन तोही घटकाभर सुखावला असेल. एका कार्यक्रमात तीन गावं, आणि तिन्ही जुळी. रेल्वेने त्यातल्या एकाच गावाची सोय केली, बीडच्या आष्टीला 'न्यू' लावलं. गाव शेकडो वर्षांचं, तालुक्याचं. स्टेशन झाल्याबरोबर नवं झालं.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला जळगावच्या अमळनेरात सत्त्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन होऊन गेलं होतं. याच अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि पुढे तिची विप्रो झाली. साने गुरुजी जिथे शिक्षक होते, तिथेच डालडाच्या एका भावंडातून संगणकाचा धंदा उगवला. बीडच्या अमळनेरला यातलं काहीच मिळालं नाही. त्याला गाडी मिळाली.

आष्टीचं प्रकरण मात्र दोन गावांवर भागत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत १६ ऑगस्ट १९४२ रोजी लोक तिरंगा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले, गोळीबार झाला, माणसं पडली. त्याच दिवशी चिमूर पेटलं. चिमूर-आष्टी हे जोडनाव तेव्हापासूनचं, आणि गावाची ओळख 'आष्टी शहीद'. गडचिरोलीतली आष्टी चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. बीडची वर आलीच आहे. आणि चौथी सोलापूरकडची, जिथे २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. शाळेत आम्हाला 'आष्टीची लढाई' शिकवली तेव्हा वर्गातल्या निम्म्या पोरांनी ती वर्ध्याच्या आष्टीत लढवली होती. गुरुजींनीही कुणाला अडवलं नाही. बापू गोखल्यांना तेवढ्यासाठी वैनगंगेपर्यंत नेणारा एक वर्गमित्रही होता. तो पुढे महसूल खात्यात लागला.

दुसऱ्या बाजीरावाचं नशीब या बाबतीत फारच वाईट. त्याची पेशवाई बुडाली ती एकाहून एक जुळ्या गावांत. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकी. ही पुण्याची. पण खडकी म्हणजे मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेलं शहरही, जे पुढे औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर आहे. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव. सातारा जिल्ह्यातही कोरेगाव आहे, तेही तालुक्याचं, म्हणून हे कोरेगाव भीमा. फेब्रुवारीत आष्टी, चारांपैकी एक. तिथून निसटलेला बाजीराव नागपूरकर अप्पासाहेब भोसल्यांच्या आशेने पूर्वेकडे आला आणि एप्रिलमध्ये आमच्याच जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ शिवणीला, कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने त्याला गाठलं. इंग्रजांनी या गावाचं नाव कागदावर असं उतरवलं की वाचणारा सरळ मध्य प्रदेशातल्या सिवनीला जाऊन उतरतो. जूनमध्ये बाजीराव माल्कमला शरण गेला आणि त्याची रवानगी बिठूरला झाली. इंग्रजांनी त्याला वर्षाला आठ लाख रुपये देऊ केले. एवढ्या पैशांत एखाद्या कारकुनाने सगळ्या लढायांच्या गावांपुढे जिल्हा लिहून ठेवला असता.

शिवाजी महाराजांची स्वारी असल्या घोळाला पुरून उरली. १६७० च्या ऑक्टोबरात दुसऱ्यांदा सुरत लुटून परतताना दाऊदखानाशी लढाई झाली ती वणी-दिंडोरीला. आणि वर्ष संपता संपता मराठी फौज वऱ्हाडात घुसून कारंजावर पडली. आता यवतमाळकर हे वाचतो तेव्हा त्याला सगळं कसं सरळ रेषेत दिसतं. वणी आमचीच, कोळशाची, बापूजी अण्यांच्या जन्माची. तिथून कारंजा किती लांब? दोन मुक्काम! महाराज सुरतेहून निघाले, आमच्या वणीला लढले आणि जाता जाता कारंजा आटोपलं. गावोगावच्या व्हाट्सअ‍ॅपवर हा मार्ग बाणांसकट फिरतो आणि त्याखाली 'आपला अभिमान' असं लिहिलेलं असतं. वणी मात्र नाशिककडची. तिथलीही गंमत अशी की ज्या 'वणीच्या देवी'ला अख्खा महाराष्ट्र जातो, तिचा सप्तशृंगगड वणीत नाहीच. गाव दिंडोरी तालुक्यात, गड कळवण तालुक्यात. देवी मराठी माणसाच्या भूगोलावर विसंबून नाही हे बरं.

कारंजा मात्र आमच्या शेजारचं, हे निर्विवाद. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, जैनांचं मोठं ठाणं, आणि १६७० मध्ये वऱ्हाडातली सर्वांत गबर पेठ. जदुनाथ सरकारांनी लिहिलं आहे की लूट वाहून न्यायला चार हजार बैल आणि गाढवं लागली. गावातले धनवंत पकडले गेले, पण सगळ्यांत मोठा सावकार बायकांचे कपडे घालून निसटला. या कारंजाचं आडनाव लाड. दुसरं कारंजा वर्धा जिल्ह्यात, घाडग्यांचं, तेही तालुक्याचं. नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवरून अमरावतीमार्गे कारंजा लाडला जाणाऱ्या गाडीला वाटेत कारंजा घाडगे लागतं. अडीच तास डुलक्या काढलेला म्हातारा कंडक्टरच्या 'कारंजा, कारंजा'ने दचकून उठतो, बोचकं काखेत मारतो आणि उतरून पाहतो तर गुरुमंदिराचा पत्ता नाही. आडनाव तिकिटावर असतं. कंडक्टरच्या तोंडात नसतं.

आडनावं दिली कुणी? बहुतेक वेळा कुणी एकाने नाहीच. कुठे जहागीरदाराचं नाव चिकटलं, कुठे जातीचं, कुठे देवाचं. नेरला परसोपंत मिळाले, नांदगावला खंडेश्वर. सिंदखेडला राजा, आणि तिथे जिजाऊंचा जन्म असल्यामुळे ते शोभलंही. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावला जहांगीर मिळाला. बिचाऱ्याचं समाधान एवढंच की समृद्धी महामार्ग त्याच्या तालुक्यातून जातो. तरीही मालेगाव म्हटलं की राज्याच्या डोळ्यांपुढे नाशिकचे यंत्रमागच येतात. आडनाव लावूनही ओळख मिळत नाही, हे आपल्याकडे माणसांनाही नवीन नाही.

सगळ्यांत सुंदर वाटणी अमरावती जिल्ह्याने केली. तिथे एकाच जिल्ह्यात दोन चांदूर, दोन्ही तालुके. एकातून मुंबई-हावडा रेल्वे गेली, त्याचं नाव चांदूर रेल्वे. दुसऱ्यात बाजार भरायचा, ते चांदूर बाजार. बुलढाण्यात चांदूर बिस्वा, चंद्रपुरात गडचांदूर, तेही कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत. शंभर वर्षं सुखाने गेली. मग नरखेडहून अमरावतीकडे नवा रेल्वेमार्ग झाला आणि त्याने काय करावं? सरळ चांदूर बाजारात स्टेशन दिलं. आता चांदूर बाजारला रेल्वे आहे आणि चांदूर रेल्वेला बाजार पहिल्यापासूनच होता. दोघांनी आपसांत आडनावं बदलली तरी कुणाला पत्ता लागणार नाही.

वणीने तर आमच्या जिल्ह्यालाच एकेकाळी आपलं नाव दिलं होतं. इंग्रजांच्या दप्तरात आजचा यवतमाळ जिल्हा 'वणी जिल्हा' होता, आणि कचेरी मात्र यवतमाळला. साहेब यवतमाळला बसून वणीचा कारभार हाकायचा आणि वणीचा माणूस वणी जिल्ह्याच्या कामासाठी वणी सोडून यवतमाळला जायचा. १९०५ मध्ये वऱ्हाडची फेरमांडणी झाली, वाशिम जिल्हा मोडला, पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याने यवतमाळ हे नाव घेतलं. त्यासाठी उपोषण नाही, मोर्चा नाही, बस जाळली नाही. हल्ली गावाचं नाव बदलायचं तर आधी पंधरा-वीस वर्षं निवडणुका लढाव्या लागतात, नंतर कोर्टात जावं लागतं आणि मग पाट्या रंगवणाऱ्याची दिवाळी होते. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर या तिघांचं ते सगळं यथासांग पार पडलं. बिहारातलं औरंगाबाद मात्र जागच्या जागी आहे. आपल्याकडून पाहुणे यायचे थांबले, एवढाच त्याला फरक.

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या दक्षिणेला बॉम्बे नावाचं गाव आहे. १८६३ मध्ये वसाहतकऱ्यांना घेऊन आलेल्या 'बॉम्बे' नावाच्या जहाजावरून ते पडलं. इकडे १९९५ मध्ये मुंबईने बॉम्बे टाकून दिलं, तिकडे ते अजून पाटीवर ताठ उभं आहे. तिकडच्या कुणाच्या अस्मितेला धक्का बसल्याचं काही ऐकलं नाही. आणि गोऱ्यांना जुळ्या गावांची शिस्त असते असंही समजू नका. २००८ मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅम महापालिकेने नागरिकांचे आभार मानायला ७,२०,००० पत्रकं छापली आणि त्यांवर फोटो टाकला अमेरिकेतल्या, अलाबामाच्या बर्मिंगहॅमचा. आपल्या एखाद्या नगरपालिकेने फोटो कुठलाही टाकला असता. पण आभार? छे!

आमच्या शेजारच्या आर्णीला तर आपली जुळी बहीण थेट तमिळनाडूत आहे, हे आर्णीतच फारसं कुणाला ठाऊक नाही. आमची आर्णी बाबा कंबलपोषांच्या दर्ग्याची, उरुसाची. तिकडची तिरुवन्नामलै जिल्ह्यातली, रेशमी साड्यांची. पण तीही एका अर्थी मराठीच. शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या काळात वेदाजी भास्कर या मराठी माणसाला तिथली जहागीर मिळाली आणि त्याच्या घराण्याने ती पिढ्यानपिढ्या सांभाळली. १७५१ मध्ये याच आर्णीला क्लाइव्हने लढाई जिंकली, आणि त्याच्या बाजूने कोण होतं? मुरारराव घोरपड्यांचे मराठे स्वार. तेव्हा क्लाइव्ह पंचवीस-सव्वीस वर्षांचा होता आणि इंग्रजांचं राज्य यायला वेळ होता. आपण लवकर हजर झालो, एवढंच. आता आमच्या आर्णीतल्या लग्नघरी तिकडची आर्णी साडी कुणी आणली तर दुकानदार शपथेवर सांगतो, "वैनी, लोकल माल नाही हां हा!" नाव वाचून बाईंचा विश्वास बसत नाही.

या सगळ्या गोंधळावर ज्याने खरा इलाज काढला, तो माणूस मराठीच. श्रीराम भिकाजी वेलणकर. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशाला पिनकोड मिळाला तो त्यांच्यामुळे. एकाच नावाची गावं, निरनिराळ्या लिपीतले पत्ते आणि त्यात आपलं अक्षर. पत्र पोचावं कसं? वेलणकरांनी नावाच्या वादात न पडता सहा आकडे दिले. आमचं दिग्रस ४४५२०३. पहिला चार म्हणजे महाराष्ट्राचा आणि शेजाऱ्यांचा विभाग, पुढचे दोन यवतमाळकडे नेणारे, शेवटचे तीन आमच्या टपाल कचेरीचे. ना जहागीरदार, ना जात, ना देव, ना 'न्यू'. आयुष्यभर शब्दांशी खेळलेल्या कवीने शब्दांवर अजिबात भरवसा ठेवला नाही, हे विशेष. एवढं करूनही आपण पिनकोडच्या चौकटीत कधी पूर्ण सहा आकडे भरत नाही. खाली 'मु. पो. दिग्रस' लिहितो आणि 'पोचतं बरोबर' म्हणतो. आणि पोचतंही. पोस्टमन आपल्या मामाच्या गावचा असतो.

आता राहिली दाभाडी.

नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात दाभाडी आहे. १९५० मध्ये शेतकरी कामगार पक्षाने तिथे बसून 'दाभाडी प्रबंध' मंजूर केला. शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांचा तो पक्ष. शेतकऱ्यांचं राज्य कसं आणायचं, कुठल्या मार्क्सवादी वाटेने आणायचं, याची सगळी मांडणी त्यात होती. प्रबंध इतका सखोल होता की त्यावरून पक्षातच वाद लागले आणि एकेक मातबर मंडळी काँग्रेसच्या वाटेला लागली. शेतकऱ्यांचं राज्य राहिलं, पण प्रबंधाचं नाव राज्यशास्त्राच्या पुस्तकात पक्कं झालं.

दुसरी दाभाडी आमची, आर्णी तालुक्यातली. २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदी तिथे आले. तेव्हा ते गुजरातचे मुख्यमंत्री होते आणि निवडणूक तोंडावर होती. कापूस पिकवणाऱ्या आणि कर्जाने पिचलेल्या या जिल्ह्यात त्यांनी शेतकऱ्यांसोबत 'चाय पे चर्चा' केली. शेतीमालाचा भाव, कर्ज, कापसापासून कपड्यापर्यंतची साखळी, सगळं बोलणं झालं. देशभर पडद्यांवर दाभाडी दिसली. नंतर पेपरवाले अधूनमधून दाभाडीत जातात, त्याच शेतकऱ्यांना विचारतात, 'त्या चहाचं पुढे काय झालं?' शेतकरी चहा ठेवतात.

चौसष्ट वर्षांच्या अंतराने दोन पक्ष, दोन टोकांचे विचार, आणि शेतकऱ्याचं भलं करायला निघालेले दोघेही बरोबर दाभाडीलाच पोचले. एकाने प्रबंध दिला, दुसऱ्याने चहा पाजला. कापसाचा भाव दोन्ही दाभाडींत व्यापारी सांगतो तोच.

तिसरी दाभाडी जालना जिल्ह्यात आहे, बदनापूर तालुक्यात. तिथे अजून कुणी काही जाहीर केलेलं नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी गावाला वेळेत आडनाव लावून घ्यावं.